एकाच घरात दोन टेपरेकॉर्डर : लेडी बर्ड जॉन्सन यांची बोलती रोजनिशी

रोजकीर्द

गेले तीन महिने रात्री घरात निजानीज झाली की मी कानात हेडफोन घालून एका बाईंचं बोलणं ऐकत बसते. बाई टेक्सासच्या. शब्द लांबवत, सावकाश बोलायची दक्षिणी ढब. लेडी बर्ड जॉन्सन, म्हणजे अमेरिकेचे ३६ वे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६९ या काळात त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून आपली रोजनिशी बोलून ठेवली. सगळी मिळून सुमारे १२३ तासांची. मूळ फिती ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयात आहेत आणि आता इंटरनेटवर कुणालाही फुकट ऐकता येतात. मराठीत यावर चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवातच अंगावर येते. पहिली नोंद २२ नोव्हेंबर १९६३ ची, डॅलसची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला त्या दिवसाची; जॉन्सन तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष. सगळं किती छान सुरू झालं होतं, असं त्या सांगायला लागतात. सकाळची भुरभुर थांबून ऊन पडलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मग गोळ्यांचे आवाज. रुफस यंगब्लड नावाचा सुरक्षारक्षक त्यांच्या नवऱ्याला गाडीत खाली दाबून धरतो. गाड्या सुसाट इस्पितळापाशी येतात, यांना घाईघाईने आत नेत असतात आणि त्या मान वळवून एकदा मागे बघतात. केनेडींच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांना एक गुलाबी गाठोडं दिसतं, वाऱ्याने एका जागी साठलेल्या फुलांच्या ढिगासारखं. ती जॅकलीन केनेडी असते, नवऱ्यावर ओणवी झालेली.

पण मला रात्रभर झोप लागली नाही ती हातमोज्यांमुळे. परतीच्या विमानात त्या जॅकलीनजवळ जातात. तिच्या कपड्यांवर रक्त, एक पाय जवळजवळ पूर्ण रक्ताने भरलेला, उजव्या हातमोज्यावर नवऱ्याचं रक्त सुकून कडक झालेलं. आणि इथे लेडी बर्ड म्हणतात की ही हातमोजे घालायची ते कसं सवयीचं असल्यासारखं, मला ते कधीच जमलं नाही.

देशाचा अध्यक्ष मारला गेलाय, आपला नवरा काही मिनिटांपूर्वी त्याच्या जागी आलाय, आणि या बाईंच्या मनात येतं की हिला हातमोजे शोभायचे, मला नाही. हे वाक्य त्यांनी गाळलं नाही. पुढे जुलै १९६४ मध्ये वॉरन आयोगाला निवेदन द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी याच नोंदीची टंकलिखित प्रत दिली. म्हणजे खुनाच्या चौकशीच्या सरकारी कागदपत्रांतही ते हातमोजे जाऊन बसले.

रोजनिशीची पद्धत साधी होती. दिवसभराचे कागद, म्हणजे कार्यक्रमपत्रिका, पाहुण्यांच्या याद्या, कोण कुठे बसलं याचे तक्ते, जेवणाचे मेनू, चिठ्ठ्याचपाट्या, सगळं पाकिटात जमा करायचं. वेळ मिळाला की ते पाकीट पुढ्यात घेऊन बोलायचं. कधी त्याच दिवशी, कधी चार दिवसांनी. हे बोलणं उतरवून काढल्यावर साडेसतरा लाख शब्दांच्या आसपास भरलं. १९७० साली त्याचं पुस्तक निघालं, त्यात जेमतेम एक सप्तमांश आलं. उरलेलं त्यांच्या हयातीत बरंचसं बंदच होतं. २००७ मध्ये, ९४ व्या वर्षी त्या गेल्या, त्यानंतर फिती टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या.

आता शीर्षकाबद्दल. त्याच घरात दुसरंही एक यंत्र चालू होतं. लिंडन जॉन्सन आपले फोन टेप करत. डिक्टाबेल्ट नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर सुईने चर पाडून आवाज उमटवायचा, अशी ती सोय. सुमारे ६४३ तासांची फोनवरची बोलणी आहेत आणि पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा याची कल्पना नसे. त्यात बायकोचे फोनही आले.

७ मार्च १९६४ चा फोन जरूर ऐका. जॉन्सन यांची पत्रकार परिषद नुकतीच आटोपलीय. बाई फोनवर विचारतात, माझं मत आत्ता मिनिटभर ऐकताय की रात्रीपर्यंत थांबू? ते निमूटपणे म्हणतात, आत्ताच सांगा. मग त्या सांगतात. तुम्ही खंबीर दिसलात, भरवशाचे वाटलात. पण निवेदन वाचताना धाप लागल्यासारखं झालं, खाली फार बघत होतात, वेगही जरा जास्त होता. एकूण बी प्लस.

भल्याभल्यांना कोपऱ्यात गाठून आपलं म्हणणं मान्य करायला लावणारा हा माणूस बायकोसमोर प्रगतिपुस्तक घेऊन उभा आहे. रोजनिशी बाईंनी ठरवून केली, फोन नवऱ्याने गुपचूप टेप केले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं की ते घर उघडतं, एकाने नाही. कुणी ऐकलंय का यातलं काही?

सांजवात

वाचताना काटा आला. एक शंका. हे पुढे छापायचंय, जगासमोर यायचंय, हे ठाऊक असूनच त्या बोलत होत्या ना? मग त्याला रोजनिशी म्हणायचं की भावी पिढ्यांसाठी केलेलं भाषण?

अभिलेख

धागा उत्तम. तपशिलात एक भर घालतो. पहिली नोंद २२ नोव्हेंबरबद्दलची असली तरी ती रेकॉर्ड झाली ३० नोव्हेंबरला. मध्ये आठ दिवस गेलेत. अंत्ययात्रा झाली, टीव्हीवर सगळं पुन्हा पुन्हा दाखवून झालं. साक्ष म्हणून वापरताना हे अंतर ध्यानात ठेवायला हवं. मी दप्तरखान्यात काम केलंय, कागदाची तारीख आणि घटनेचा दिवस यांत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

रोजकीर्द

@अभिलेख, बरोबर, मी ते लिहायला हवं होतं. आभार.

@सांजवात, दोन्ही म्हणेन. त्यांनी टेक्सास विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली होती, त्यामुळे आपण काय बघतोय याची जाण पहिल्यापासून होती. रोजनिशीच्या कितीतरी आधीपासून घरचा मूव्ही कॅमेराही त्याच चालवायच्या. पण स्वभाव पाहा. शाळेत हुशार. पहिल्या-दुसऱ्या आलेल्या मुलीला निरोप समारंभात भाषण करावं लागे, म्हणून आपला तिसरा नंबर यावा असं त्यांना वाटायचं. आई पाचव्या वर्षी गेलेली, मोठ्या घरात एकटं वाढलेलं लाजरं मूल. चाळिशी उलटल्यावर त्यांनी रीतसर भाषणकलेचा वर्ग लावला. अशा बाईने समोर माणूस नसलेल्या खोलीत, यंत्राशी मन मोकळं करावं यात मला कुठेच देखावा वाटत नाही. छापायला काय द्यायचं हे त्यांनी नंतर निवडलं, पण बोलताना हात आखडता घेतला नाही. पुस्तक वाचून झाल्यावर टेप ऐका, फरक कळेल.

दूरदेशी

मी ऑस्टिनमध्ये बारा वर्षं राहतेय. हे ग्रंथालय १९७१ साली सुरू झालं, विद्यापीठाच्या आवारातच आहे. मोठ्या दालनातून वर पाहिलं की काचेपलीकडे एकावर एक चार मजले भरून लाल खोकी दिसतात, प्रत्येकावर सोनेरी राजमुद्रा. माझी आई इकडे आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. ती बराच वेळ त्या खोक्यांकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं सगळं जपून ठेवलंय गं यांनी?"

संग्रहालयात फोनचे रिसीव्हर लावलेत. उचलून कानाला लावला की जॉन्सनसाहेबांचे खरे फोन ऐकू येतात. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण बाईंचा आवाज ऐकून म्हणाली, ही चिडत नाही वाटतं कधी.

आणखी एक. मार्च-एप्रिलमध्ये इकडे हायवेच्या कडेने निळ्या ब्लूबॉनेटची शेतंच्या शेतं फुलतात. रानफुलं हा बाईंचा ध्यास. १९६५ मध्ये हमरस्ते सुशोभित करण्याचा कायदा झाला त्यामागे त्या होत्या, आणि १९८२ मध्ये, आपल्या ७० व्या वाढदिवशी, त्यांनी रानफुलांचं संशोधन केंद्र सुरू केलं. दरवर्षी मुलांना फुलांत बसवून फोटो काढतो आम्ही, इथली ती रीतच आहे.

विहीरकाठ

जरा वेगळं मत मांडतो. सत्तेच्या घरातली डायरी म्हणजे सत्तेची बाजू. १८ जानेवारी १९६८ चं दुपारचं जेवण आठवा. गुन्हेगारी आणि तरुण मुलं या विषयावर साधारण पन्नास स्त्रियांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं होतं. गायिका अर्था किट उठल्या आणि तोंडावर म्हणाल्या की तुम्ही देशातली चांगली पोरं युद्धावर धाडता, म्हणून मुलं बंड करतात. त्यानंतर अमेरिकेत किट यांची कामं आटली, कित्येक वर्षं त्यांना परदेशात गावं लागलं. आता रोजनिशीत त्या दिवसाबद्दल लांबलचक नोंद आहे. पण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर किटचं काय झालं, ते त्या टेपमध्ये कुठून येणार? यंत्र एकीच्याच हातात होतं. नवऱ्याच्या यंत्राबद्दल तर बोलायलाच नको. समोरच्याला न सांगता टेप करणं याला मी फसवणूकच म्हणेन.

रोजकीर्द

@विहीरकाठ, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. ती नोंद मी दोनदा ऐकलीय. बाईंनी तेव्हा उत्तर दिलं ते असं, की युद्ध सुरू आहे म्हणून चांगल्या कामासाठी झटायचं सोडून द्यायची मुभा आपल्याला मिळत नाही. उत्तर सभ्य होतं, त्यांनी स्वतःला सावरलं, हेही खरं. पण किट जे बोलल्या ते खरं होतं, आणि त्याची किंमत किट यांनी मोजली. माझी सहानुभूती त्या जेवणापुरती तरी किट यांच्याकडे आहे.

पण म्हणूनच मला या फिती हव्याशा वाटतात. युद्धाबद्दल घरात काय चाललं होतं, ते दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार? ७ मार्च १९६५ ची नोंद पाहा. त्याच दिवशी अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांना पोलिसांनी झोडपून काढलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये डानांगला उतरणार होते. आणि त्या दिवशी नवरा घरात काय म्हणाला ते बाईंनी टिपून ठेवलंय. यातून बाहेर पडता येत नाही, आणि आहे त्या बळावर हे संपवताही येत नाही. म्हणजे सुरुवातीलाच त्या माणसाला ठाऊक होतं! पुढे तीन वर्षं तो लोकांना काय सांगत राहिला, ते आपण जाणतो. ही नोंद त्याची बाजू सावरत नाही, उलट त्याच्यावरचा आरोप पक्का करते. आणि ती त्याच्या बायकोने जपलीय.

फोनबद्दल बोलायचं तर न सांगता टेप करणं मलाही पटत नाही. पण त्या फितींमुळेच एक गोष्ट कळली, जी कळायला हवी होती. ऑक्टोबर १९६४, निवडणूक तीन आठवड्यांवर. त्यांचा पंचवीस वर्षांचा सहकारी वॉल्टर जेन्किन्स याला पुरुषाशी संबंध ठेवल्यावरून अटक झाल्याची बातमी फुटली. त्या काळात म्हणजे माणूस संपलाच. लेडी बर्ड नवऱ्याला फोन करतात. मला जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभं राहायचंय आणि आपल्या ऑस्टिनच्या दूरदर्शन केंद्रात त्याला नोकरी देऊ करायचीय. नवरा टाळतो, थांब म्हणतो, वकिलांशी बोल म्हणतो. त्या आवाज न चढवता पुन्हा मुद्द्यावर येतात. आपण आज गप्प बसलो तर इतकी वर्षं आपल्यासाठी राबलेल्या सगळ्या माणसांचा जीव आपल्यावरून उडेल. मागे हटत नाहीत. त्या दिवशी त्यांचं निवेदन गेलंच.

त्यांचं मोठेपण त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर आपण जरा हात राखूनच विश्वास ठेवला असता. ते नवऱ्याच्या यंत्रात सापडलं, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

@दूरदेशी, तुमच्या आईंचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

चुलबंद

घर म्हणायचं आणि स्वयंपाकघर विसरायचं हे काही बरं नाही :) त्या घराची स्वयंपाकीण होती झेफिर राइट. १९४२ पासून जॉन्सन कुटुंबाकडे, कृष्णवर्णीय. दरवर्षी टेक्सास ते वॉशिंग्टन मोटारीने जा-ये असे. वाटेत हिला ना हॉटेलात जेवता येई, ना कुठल्या पंपावरचं स्वच्छतागृह वापरता येई. शेवटी तिने तो प्रवासच बंद केला, बारा महिने वॉशिंग्टनलाच राहू लागली. नागरी हक्कांच्या कायद्यासाठी जॉन्सन खासदारांची मनं वळवत तेव्हा तिचीच गोष्ट सांगत. १९६४ मध्ये कायद्यावर सही केली त्या पेनांपैकी एक त्यांनी तिला दिला.

तिच्याही आठवणी टेपवर घेतल्यात, त्याच ग्रंथालयात आहेत. माझं म्हणणं एवढंच, की रोजकीर्दताई, दोन नाही तीन यंत्रं शेजारी ठेवा.

आणि चवीचं एक सांगते. केनेडींच्या वेळचा फ्रेंच शेफ रने व्हर्डाँ १९६५ च्या शेवटी सोडून गेला. गोठवलेल्या भाज्या वापरायचा हुकूम त्याला सहन झाला नाही. अध्यक्षांना हवं होतं टेक्सासचं तिखट चिली. ती कृती मागणारी इतकी पत्रं यायची की कार्डंच छापून घेतली होती.

रोजकीर्द

चुलबंदताई, हे माझ्याकडून राहिलं होतं. झेफिरच्या आठवणी ऐकून मगच पुढचं लिहिते.

जॉन्सन घरभर फिरून दिवे मालवत जायचे, हे ठाऊक आहे ना? रिकाम्या खोलीत दिवा दिसला की संपलं. राज्याचा खर्च अब्जावधींचा आणि काळजी विजेच्या बिलाची, असं नव्हे. गरिबीत, वीज नसलेल्या मुलखात वाढलेल्या माणसाचा हात आपोआप बटणाकडे जायचा. माझे आजोबा तसेच होते.

रेशनकार्ड

आपला एक धागा यात आहे, तो कुणीच धरला नाही. १९६५-६६ चा दुष्काळ. पीएल ४८० चा गहू, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली मिळणारा मदतीचा गहू. भारताने अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर टीका केली म्हणून जॉन्सन तो गहू एकदम देत नसत, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत. बोट बंदराला लागली की धान्य थेट तोंडात, अशी आपली अवस्था. माझी आई तेव्हा सोलापुरात शाळेत होती. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून शाळेत जायची आणि मधल्या सुट्टीत येऊन नंबर बघायची. त्या लाल गव्हाच्या पोळ्या चामट होत, हे ती अजून सांगते.

मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. राजदूत बी. के. नेहरूंच्या घरी जॉन्सन फक्त भेटायला म्हणून आले आणि आयत्या वेळी जेवायला थांबले, यजमानांची तारांबळ उडाली. त्या एका संध्याकाळच्या पानांच्या मांडामांडीत आमच्या रांगेचं काही ठरलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, जेवला ना पोटभर, मग झालं.

बकुळावळ

सगळे प्रतिसाद वाचले. माझी सासू कालनिर्णयच्या चौकोनांत लिहायची. दूध दोन लिटर, गॅस आला, मावशींचा खाडा, बाळूला ताप. वर्ष संपलं की गुंडाळी करून माळ्यावर. त्या गेल्यावर घर आवरताना मी त्या सगळ्या गुंडाळ्या रद्दीत दिल्या. बावीस वर्षांच्या. आज हे वाचून पोटात तुटलं. १९९३ च्या मार्चचं पान तेवढं हाताशी राहिलंय, कारण त्यावर रवा-लाडवाचं प्रमाण होतं. १२ तारखेच्या चौकोनात लिहिलंय, "हे रात्री ११ ला आले. चालत." मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी. एवढंच.

अभिलेख

@बकुळावळ, ते पान आधी स्कॅन करा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत बुरशी धरते. साध्या पांढऱ्या कागदात सपाट ठेवा, घडी घालू नका. आणि घरातल्यांना विचारून त्या रात्रीबद्दल फोनवर रेकॉर्ड करून घ्या, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच मोठ्याने बोलून.

बकुळावळ

करते. सासरे ८६ वर्षांचे आहेत. रविवारी बसते त्यांच्यापाशी.

रोजकीर्द

बकुळावळ, जमलं तर इथे नक्की लिहा.

मी काल रात्री वाट वाकडी करून शेवटची नोंद ऐकली, राहवलं नाही. २० जानेवारी १९६९. सकाळी सातच्या सुमारास बाई घरातल्या झग्यातच, हातात कॉफीचा कप घेऊन निघतात. पिवळ्या दिवाणखान्यात जातात, मग लिंकनच्या बैठकीच्या खोलीत. शेवटचं बघून घ्यायला. दुपारी निक्सन यांचा शपथविधी. रात्री टेक्सासच्या घरी पोहोचतात तर गाडी ठेवायच्या जागेत सामानाचा हा ढीग, आणि उचलायला कुणी नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्या म्हणतात, रथाचा परत भोपळा झाला आणि उंदीर पळून गेले.

आता पुन्हा मागे जाऊन १९६६ घेतेय. ६ ऑगस्टला धाकट्या लेकीचं, लूसीचं लग्न आहे. रोज रात्री साडेदहाला एक नोंद, असं ठरवलंय. कुणी बरोबरीने ऐकणार असाल तर सांगा, तारखा इथे टाकत जाईन.

दूरदेशी

मी आहे. तुमचं साडेदहा म्हणजे इथली दुपार, पण जमवते.

सांजवात

मीही. शंका घेऊन येतेय, सांगून ठेवते.